गायब झालेला ‘सीक्यू’: घरगुती आरटीटीवाय संचाच्या फेरबदलाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका हौशी रेडिओ क्लबातल्या तिघांनी जुना आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप, म्हणजे टंकलेला मजकूर रेडिओने पाठवण्याची पद्धत) संच पुन्हा चालता करायला घेतला. ओळख पटेल असा तपशील इथे गाळला आहे. हाताशी टेलिटाइप मॉडेल १५ हा यांत्रिक टेलिप्रिंटर होता. दुसऱ्या कोणी कधीकाळी बांधलेले ८५० हर्ट्झ शिफ्टचे (शिफ्ट म्हणजे दोन टोनांमधले अंतर) टर्मिनल युनिट, म्हणजे टोनांवरून टेलिप्रिंटरचा प्रवाह चालू-बंद करणारे उपकरण होते, शिवाय १०० वॉटचा एसएसबी (सिंगल साइडबँड) ट्रान्सीव्हर आणि एक संगणक. हवेतून आलेला मजकूर टेलिप्रिंटरवर छापायचा आणि संगणकावर टंकलेला मजकूर प्रसारित करायचा, एवढेच उद्दिष्ट होते.

ज्यांचा या पद्धतीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक अक्षर पाच बिटांचे असते, आणि प्रत्येक बिट दोन टोनांपैकी एकाने जातो: मार्क (१) किंवा स्पेस (०). आधी एक स्टार्ट बिट (स्पेस), मग पाच माहितीचे बिट, शेवटी स्टॉप (मार्क). ४५.४५ बॉडला एक बिट २२ मिलिसेकंदांचा आणि स्टॉप किमान ३१ मिलिसेकंदांचा, म्हणून अख्खे अक्षर १६३ मिलिसेकंदांत संपते. मार्कच्या वेळी सिलेक्टर मॅग्नेटमधून ६० मिलिअँपिअर वाहतात, स्पेसच्या वेळी काहीच नाही. यंत्राकडे वेगळे घड्याळ नसते. स्टार्टची कड आली की सिलेक्टर सुटतो आणि तिथून मोजत प्रत्येक बिटाच्या साधारण मध्यावर आर्मेचरची, म्हणजे मॅग्नेटने खेचल्या जाणाऱ्या लोखंडी पट्टीची, स्थिती पाहतो.

यंत्राची मोटर गव्हर्नरची निघाली, हे बरे झाले. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर चालवली तर वेग ३७.९ बॉडवर येतो आणि गिअर बदलल्याशिवाय त्यातून सुटका नसते.

केलेले फेरबदल

पहिला बदल फिल्टरांत. आज एचएफवर (लघुलहरींवर) हौशी मंडळी १७० हर्ट्झ शिफ्ट वापरतात, म्हणून मार्क २१२५ हर्ट्झवर तसाच ठेवून स्पेस २९७५ वरून २२९५ वर आणायचा होता. दोन्ही फिल्टर ८८ मिलिहेन्रीच्या टोरॉइडवर बांधलेले होते. मार्कला ०.०६८ मायक्रोफॅरड असल्यामुळे मूळ बांधणाऱ्याने वेढे काढून कॉइल ८२.५ मिलिहेन्रीवर आणली होती. स्पेसला ०.०३३ होता, त्याजागी ०.०५६ लावल्यावर अनुनाद २२८४ हर्ट्झवर आला. अकरा हर्ट्झ वर चढवण्यासाठी जवळपास अर्धा टक्का वेढे उतरवावे लागले. हे काम एकेक वेढा उलगडून, दर वेळी मोजूनच करायचे. काढलेला वेढा परत घालणे शक्य असते, पण कोणी ते आनंदाने करत नाही.

कपॅसिटर पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिस्टायरीन प्रकारचाच हवा. पाच टक्के टॉलरन्सच्या कपॅसिटरने अनुनाद अडीच टक्के, म्हणजे सत्तावन्न हर्ट्झ इकडेतिकडे होऊ शकतो. १७० हर्ट्झच्या शिफ्टमध्ये तेवढी चूक म्हणजे एक तृतीयांश अंतर गेले. सिरॅमिक डिस्क तर तापमानाबरोबरही सरकते.

जुने फिल्टर ८५० हर्ट्झसाठी पसरट होते, म्हणून समांतर रेझिस्टर वाढवून ते अरुंद केले: मार्कला २७ किलोओहम, स्पेसला ३३ किलोओहम. दोन वेगळ्या किमती घेण्याचे कारण असे की समांतर अनुनादी मंडलाची बँडविड्थ रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर ठरते. २७ × ०.०६८ आणि ३३ × ०.०५६ हे दोन्ही गुणाकार जवळजवळ सारखे येतात. कॉइलचा स्वतःचा तोटा धरून प्रत्येक फिल्टर सुमारे १०५ हर्ट्झ रुंद झाला आणि त्याचा टाइम कॉन्स्टंट (चढण्या-उतरण्याला किती वेळ लागतो त्याचे माप) ३ मिलिसेकंदांच्या आसपास आला.

दुसरा बदल लूपमध्ये, म्हणजे मॅग्नेटला प्रवाह पुरवणाऱ्या मंडलात. जुना १५० व्होल्टचा पुरवठा ट्रान्सफॉर्मर न वापरता उघडा होता आणि टेबलावर असले काही नको म्हणून गटाने २४ व्होल्टचा तयार पुरवठा लावला. मॅग्नेटचा रेझिस्टन्स २०० ओहम भरला. आणखी २०० ओहम सीरिजमध्ये जोडले की बरोबर ६० मिलिअँपिअर. लूप तोडणारा ट्रान्झिस्टर एमजेई३४०, त्याला चालवायला ४एन३३ ऑप्टोकपलर (दोन मंडले अलग ठेवून प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग), आणि रिलेला लावतात तसा मॅग्नेटवर उलटा डायोड. कागदावर सगळे ठीक दिसत होते.

अडचण

साधा मजकूर बहुतांशी नीट छापला जाई, पण आरवायआरवाय ही नेहमीची चाचणी ओळ सतत बिघडे. रेंज फाइंडर, म्हणजे बिट नेमका कुठे वाचायचा ते ठरवणारी सिलेक्टरवरची सरकपट्टी, एका टोकाला नेली तर तीही सुधारे. मधोमध ठेवली की पुन्हा चुका. सिग्नल जोरदार असतानाही हेच घडत होते.

या वर्णनातच अर्धे उत्तर आहे. रेंज फाइंडरचा उपयोगी पल्ला दोन्ही बाजूंनी आकसला तर गोंगाट किंवा विकृत सिग्नल संभवतो. एकाच बाजूने आकसला तर तो बायस: मार्क लांबले आहेत आणि स्पेस आखूड, किंवा उलट. गटाने पल्ला मोजला नाही. छापील अक्षर बरोबर येईपर्यंत पट्टी सरकवली आणि तिथेच सोडली.

पहिला निर्णय: फिल्टर आणखी अरुंद

समोर तीन मार्ग होते. फिल्टर अजून अरुंद करायचे, डिमॉड्युलेटरच (टोनांवरून मार्क-स्पेस ओळखणारा भाग) काढून फेज-लॉक्ड लूपच्या आयसीवर नवा बांधायचा, किंवा लूपचा व्होल्टेज वाढवायचा. आरटीटीवायमध्ये चूक दिसली की बोट आधी फिल्टरकडे जाते, कारण तिथे नाजूक काम केलेले असते. दोन्ही रेझिस्टर ६८ किलोओहमचे केले गेले.

छपाई आणखी बिघडली. बँडविड्थ ५० हर्ट्झच्या घरात आल्यावर फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट ६ मिलिसेकंदांवर गेला, म्हणजे २२ मिलिसेकंदांच्या बिटाचा चौथा हिस्सा नुसता चढण्या-उतरण्यात जाऊ लागला. एकटा बिट पूर्ण उंची गाठेना, सलग बिट मात्र गाठत. शिवाय रेझिस्टर सारखे आणि कपॅसिटर वेगळे, त्यामुळे मार्कचा फिल्टर स्पेसपेक्षा सुस्त झाला. २७ आणि ३३ पुन्हा बसवले गेले. ४५.४५ बॉडसाठी असल्या साध्या एकपदरी फिल्टरला शंभर हर्ट्झच्या खाली नेण्यात फायदा क्वचितच असतो.

दुसरा निर्णय: लूप १५० व्होल्टवर

मग लूपची पाळी आली आणि विचार चुकीचा नव्हता. मॅग्नेटचा इंडक्टन्स सुमारे ४ हेन्री. २४ व्होल्टच्या लूपमध्ये एकूण रेझिस्टन्स ४०० ओहम, म्हणून टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. आर्मेचर खेचायला ४० मिलिअँपिअर लागतात असे धरले तर शून्यापासून तिथवर पोचायला ११ मिलिसेकंद जातात, म्हणजे अर्धा बिट. १५० व्होल्टवर एकूण २५०० ओहम लागतात, टाइम कॉन्स्टंट १.६ मिलिसेकंदांवर येतो आणि तेच काम पावणेदोन मिलिसेकंदांत होते. जुन्या टेलिप्रिंटरांचे लूप शे-सव्वाशे व्होल्टच्या वर का असत, त्याचे उत्तर इथे आहे.

नवा पुरवठा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर बांधला: ब्रिज, १०० मायक्रोफॅरड २५० व्होल्टचा कपॅसिटर, त्यावर ४७ किलोओहम १ वॉटचा ब्लीडर, आणि सीरिजमध्ये २३०० ओहम (त्यात सतत आठ वॉटच्या वर उष्णता, म्हणून २५ वॉटचा वायरवाउंड). लूपची कोणतीही बाजू चॅसिसला जोडली नाही. पुरवठा बंद केल्यावर कपॅसिटर उतरायला अर्धा मिनिट लागतो. तोवर हात लावायचा नाही आणि नंतरही मीटरने पाहूनच.

सुरू केल्यावर आधी बरे छापले जाणारे साधे मजकूरही पूर्ण गेले. आरवायआरवायच्या जागी कोरा कागद. ‘सीक्यू’, म्हणजे कोणत्याही स्टेशनला घातलेली साद, दिसेनासाच झाला. ओळ संपली की छपाईची गाडी (कॅरेज) परत येण्याऐवजी ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ छापले जात आणि मग सगळी अक्षरे उजव्या कडेला एकावर एक.

चुका वाचल्या तर

अशा वेळी यंत्राला हात लावण्याआधी अक्षरांचे बिट कागदावर मांडून पाहावेत. ‘टी’ म्हणजे ००००१ (पहिला बिट डावीकडे), छापला गेला ‘ओ’, म्हणजे ०००११. ‘एच’ म्हणजे ००१०१, छापला गेला ‘व्ही’, ०११११. कोऱ्या जागेचा संकेत ००१००, छापला गेला ‘पी’, ०११०१. तिन्हींत नियम एकच: ज्या स्पेसनंतर लगेच मार्क येतो, तो स्पेस मार्क म्हणून वाचला जातो. पाचव्या बिटानंतर स्टॉपचा मार्क येतोच, म्हणून पाचवा बिटही बळी पडतो.

हाच नियम पुढे लावला की बाकीचे कोडे सुटते. ‘आर’ (०१०१०), ‘वाय’ (१०१०१), ‘सी’ (०१११०) आणि ‘क्यू’ (१११०१) या चौघांचेही रूपांतर पाच मार्कांत म्हणजे १११११ मध्ये होते. तो ‘लेटर्स’चा संकेत, त्याने कागदावर काहीच उमटत नाही. आकड्यांकडे नेणारा ‘फिगर्स’ (११०११) देखील ‘लेटर्स’च होतो, म्हणून आकडे कधीच आले नाहीत. कॅरेज रिटर्न ०००१० चा ००१११ होतो, तो ‘एम’. लाइन फीड ०१००० चा ११००१ होतो, तो ‘डब्ल्यू’. ‘ई’सारख्या अक्षरांत स्टार्टनंतर लगेच मार्क असल्याने स्टार्टच काही मिलिसेकंदांपुरता उरे आणि सिलेक्टर कधी सुटे, कधी सुटतच नसे.

गोंगाटाच्या चुका इतक्या शिस्तीत येत नाहीत. हा शुद्ध मार्किंग बायस होता, आणि तो अर्ध्या बिटाहून मोठा होता.

मोजमाप

आता ऑसिलोस्कोप लावला गेला. मायक्रोकंट्रोलरवरून २२ मिलिसेकंद मार्क, २२ मिलिसेकंद स्पेस असा अखंड क्रम टोनच्या रूपात टर्मिनल युनिटला दिला. एक प्रोब स्लायसरच्या (मार्क की स्पेस ते ठरवणाऱ्या टप्प्याच्या) आउटपुटवर, म्हणजे ऑप्टोकपलरच्या आधी. तिथे मार्क २२.५ आणि स्पेस २१.५ मिलिसेकंद: डिमॉड्युलेटर निर्दोष. प्रोब तिथून काढून, स्कोपची जमीन कुठे येते याची खातरजमा केल्यावर, लूपमध्ये सीरिजने घातलेल्या १० ओहमवर लावला. ६० मिलिअँपिअरला ०.६ व्होल्ट. मार्कची चढण खडी होती. उतार मात्र लांबच लांब.

कारण डायोड. ट्रान्झिस्टर बंद झाला की मॅग्नेटचा प्रवाह डायोडमधून फिरत राहतो आणि त्या वाटेत रेझिस्टन्स फक्त कॉइलचा, २०० ओहम. टाइम कॉन्स्टंट २० मिलिसेकंद. आर्मेचर सुमारे २५ मिलिअँपिअरला सुटते असे धरले तर सुटायलाच साडेसतरा मिलिसेकंद.

२४ व्होल्टवर तुलनेने बरे का छापले जात होते, ते इथे कळते. तेव्हा खेचायलाही दहा-अकरा मिलिसेकंद लागत, सुटायला साडेसतरा, फरक साडेसहा-साडेसात. दोन्ही कडा उशिरा येत आणि स्टार्टची कडही तेवढीच उशिरा येई, त्यामुळे उशीर बराचसा आपसांत वजा होई. एकाच बिटाच्या स्पेसनंतर मात्र लूपमध्ये २० मिलिअँपिअर शिल्लकच असत. तिथून ४० वर जायला सात मिलिसेकंद पुरत आणि फरक साडेदहावर जाई, वाचनबिंदूच्या अगदी उंबरठ्यावर. आरवायआरवायमध्ये जवळपास सगळे एकेकटे बिट, म्हणून तीच ओळ आधी तुटली. १५० व्होल्टने खेचण्याची बाजू झटपट केली, सुटण्याची तशीच ठेवली, आणि फरक १६ मिलिसेकंदांवर नेला. टेलिप्रिंटरला उशीर चालतो. दोन बाजूंचा उशीर वेगवेगळा चालत नाही.

ऑप्टोकपलरवरही मध्येच संशय घेतला गेला. ४एन३३ डार्लिंग्टन असल्याने मंद आहे हे खरे, पण त्याचे बंद होणे मायक्रोसेकंदांत मोजायचे. शंभर धरले तरी बिटाचा अर्धा टक्का.

दुरुस्ती

डायोड काढूनच टाकला तर मॅग्नेटचा उलटा झटका ट्रान्झिस्टर फोडतो. म्हणून डायोडच्या सीरिजमध्ये १५०० ओहम घातले. वाटेतला रेझिस्टन्स १७०० झाला, टाइम कॉन्स्टंट २.३५ मिलिसेकंद, आणि सुटायला जेमतेम २ मिलिसेकंद. खेचायला १.८. फरक नगण्य.

रेझिस्टरची किंमत मनाला येईल तशी वाढवता येत नाही. तुटण्याच्या क्षणी त्यावर ०.०६ × १५०० म्हणजे ९० व्होल्ट येतात आणि पुरवठ्याचे १५० त्यात मिळतात; ट्रान्झिस्टरवर २४० व्होल्ट. एमजेई३४० ची मर्यादा ३००. २२०० ओहम घातले असते तर २८२ वर गेलो असतो, आणि मेन्सचा व्होल्टेज थोडा चढला की खेळ संपला असता.

ट्रान्झिस्टरला लूपच्या बाजूच्या स्वतंत्र १२ व्होल्टमधून, ऑप्टोकपलरमार्फत, बेसला सुमारे ५ मिलिअँपिअर दिले. ६० मिलिअँपिअरला तो पुरता संपृक्त राहायला हवा, नाहीतर तोच तापतो.

प्रसारणाची बाजू

संगणकाला लावलेल्या यूएसबी-सिरियल केबलमधून थेट ४५.४५ बॉड काढण्याचा बेत लगेच बारगळला. अशा केबलींतल्या पुष्कळ चिपांना पाच बिटांची अक्षरे येतच नाहीत, आणि काहींचा किमान वेगही ४५ बॉडच्या बराच वर असतो. सेटिंग स्वीकारल्यासारखे सॉफ्टवेअर दाखवते, बाहेर वेगळेच पडते.

एएफएसके, म्हणजे टोन मायक्रोफोनच्या वाटेने देणे, हा पर्याय होता. त्यात पातळी जराशी वाढली की सिग्नल पसरतो. १२७५ हर्ट्झसारखे खालचे टोन घेतले तर दुसरा हार्मोनिक २५५० वर, एसएसबी फिल्टरच्या आतच पडतो. २१२५ चा ४२५० वर जाऊन कापला जातो. ट्रान्सीव्हरला एफएसके (वाहकाची वारंवारता थेट सरकवणारा) इनपुट होता, म्हणून १६ मेगाहर्ट्झवरच्या एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलरने तोच उघडबंद करायचे ठरले. संगणकाकडून ९६०० बॉडने साधा मजकूर घ्यायचा, पाच बिटांत बदलायचा, बाहेर सोडायचा. सेकंदाला सहाच अक्षरे बाहेर जातात, तेव्हा १२८ अक्षरांचा बफर आणि एक्सऑन-एक्सऑफ (संगणकाला ‘थांब’, ‘चालू कर’ सांगणारे संकेत) लागतेच.

इथे एक जुना सापळा होता. टायमर-१ आठने भागून चालवला की २ मेगाहर्ट्झ. २२ मिलिसेकंदांना ४४,००० मोजण्या, १६ बिटांत आरामात. दीड बिटाच्या स्टॉपला ३३ मिलिसेकंद म्हणजे ६६,००० मोजण्या, आणि रजिस्टर ६५,५३६ ला संपते. वरचा भाग गळून ४६४ उरतात आणि स्टॉप पाव मिलिसेकंदाहूनही आखूड होतो. हाताने एकेक कळ दाबली तर सगळे बरोबर, कारण दोन अक्षरांमध्ये ओळ मार्कवरच असते. सलग मजकूर सोडला की दुसऱ्या अक्षरापासून गोंधळ. उपाय म्हणून टायमर ११ मिलिसेकंदांच्या अर्ध्या बिटावर ठेवला (मोजणीची मर्यादा ठेवणाऱ्या ओसीआर१ए रजिस्टरमध्ये २१,९९९). बिटाला दोन ठोके, स्टॉपला तीन.

ओळीच्या शेवटी दोनदा कॅरेज रिटर्न, मग लाइन फीड, मग लेटर्स पाठवले जातात. यांत्रिक गाडीला परत यायला तेवढा वेळ लागतो. कोऱ्या जागेनंतर आकडे पुढे चालू असतील तर फिगर्स पुन्हा पाठवला जातो, कारण पलीकडची काही यंत्रे कोऱ्या जागेला आपोआप अक्षरांकडे वळतात. आरटीटीवायमध्ये वाहक अखंड चालू असतो, म्हणून १०० वॉटचा ट्रान्सीव्हर ४० वॉटवर उतरवला.

निष्पत्ती

आरवायआरवाय आणि पूर्ण मजकूर दोन्ही नीट छापले जाऊ लागले. या वेळी रेंज फाइंडरचा पल्ला दोन्ही टोकांपर्यंत जाऊन मोजला आणि पट्टी त्याच्या मध्यावर बसवली. सिग्नल कमजोर असताना चुका अजूनही होतात. एक टोन तेवढा बुडतो त्या सिलेक्टिव्ह फेडिंगमध्ये लिमिटर (सिग्नलची उंची छाटून सारखी करणारा टप्पा) असलेला हा डिमॉड्युलेटर उघडा पडतो. त्यासाठी स्लायसरची पातळी सिग्नलप्रमाणे सरकवणारे मंडल लागेल, ते बांधलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच दिवशी २२-२२ मिलिसेकंदांचा क्रम देऊन स्लायसर आणि लूप दोन्हीकडे पाहिले असते, तर फिल्टरचा फेरा टळला असता. स्कोप नसेल तर स्लायसरच्या आउटपुटवर साधा सुईचा मीटरही चालतो: अखंड मार्कला जो आकडा येतो आणि अखंड स्पेसला जो येतो, त्यांच्या बरोबर मध्यावर सुई राहिली पाहिजे.

आणि १५० व्होल्टची गरजच नव्हती. ६० व्होल्टचा लूप घ्या: एकूण १००० ओहम, त्यांतले सीरिजमध्ये ८००, टाइम कॉन्स्टंट ४ मिलिसेकंद, खेचायला ४.४. डायोडच्या सीरिजमध्ये ६०० ओहम घातले तर सुटण्याच्या वाटेत ८००, टाइम कॉन्स्टंट ५, आणि २५ मिलिअँपिअरपर्यंत उतरायलाही ४.४ मिलिसेकंद. एका बिटाच्या स्पेसनंतर लूपमध्ये एक मिलिअँपिअरही उरत नाही. ट्रान्झिस्टरवर कमाल ९६ व्होल्ट आणि सीरिज रेझिस्टरमध्ये तीन वॉटच्या आत उष्णता. उलट २४ व्होल्ट तसेच ठेवून नुसते १५०० ओहम डायोडला जोडले असते, तर सुटणे २ आणि खेचणे ११, म्हणजे तोच दोष उलट्या दिशेने: मार्क आखूड आणि रेंज फाइंडर दुसऱ्या टोकाला.

मॅग्नेट वेगळा असेल तर हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. आधी त्याचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स मोजावा. आर्मेचर कितीला खेचले जाते आणि कितीला सुटते ते लूपचा प्रवाह हळूहळू वाढवून-घटवून पाहावे, आणि मगच दोन रेझिस्टर ठरवावेत.